मौन आणि अबोला

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. सहा महिन्यांपूर्वी मी इगतपुरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. परतलो तेव्हा मन इतके हलके होते की आता आपण बदललो, असेच वाटले. चौथ्या दिवशी हातच्याच्या बेरजेवरून मुलावर एवढ्या मोठ्याने ओरडलो, की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आता हे आठवड्यातून दोन-तीनदा होते. ओरडून झाले की मी खोलीचे दार लावून तासभर साधनेला बसतो. मन निवळते, पण बाहेर आलो की मुलगा झोपलेला असतो. पत्नी म्हणते, ‘शिबिरानंतर तू जास्तच लांब गेलास.’ एकदा हातही उगारला गेला. गावाहून आई फोनवर म्हणते, ‘एवढं मनाला लावून घेऊ नकोस. तुझे वडील रागावले की चार-चार दिवस बोलत नसत, म्हणून तू काही बिघडलास का?’ शिबिरात मिळालेली शांती घरी का टिकत नाही? पुन्हा एक शिबिर करावे का?

उत्तर : तुमच्या पत्रात तुमचे स्वतःचे प्रश्न दोन आहेत, परंतु मी ज्या वाक्यापाशी थांबले ते वेगळेच आहे. ‘मन निवळते, पण बाहेर आलो की मुलगा झोपलेला असतो.’ गेली सव्वीस वर्षे मी मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे समुपदेशन करते आहे. या काळात रागावर उपाय विचारायला आलेले पालक मी शेकड्याने पाहिले, पण राग येऊन गेल्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल विचारणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. तुम्ही त्याबद्दल विचारलेले नाही, तरीही ते लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

आधी शिबिराविषयी, कारण त्याच्याबद्दल तुमच्या मनात थोडी निराशा साचलेली दिसते. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाचे सुमारे दहा तास बसण्यात जातात, पहिले तीन दिवस केवळ श्वासाकडे पाहायचे असते, चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे पाहायला शिकवतात आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्यमौन पाळले जाते. फोन जमा केलेला असतो आणि स्वयंपाक दुसरे कोणीतरी सेवाभावाने करते. ‘बाबा, माझा खोडरबर कुठे आहे?’ असे दहा दिवसांत एकदाही कोणी विचारत नाही. ही मी थट्टा करीत नाही. मन पाहायला शिकायचे असेल तर अशी आखलेली जागा लागतेच, जशी पोहायला शिकताना आधी उथळ पाणी लागते. तिथे तुम्हाला जे मिळाले ते खरे होते. मात्र त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या होत्या. एक म्हणजे राग उठताना शरीरात काय होते हे पाहण्याची सवय, आणि दुसरी म्हणजे त्या जागेची नीरवता. पहिली तुमच्याबरोबर घरी आली. दुसरी तिथल्या डोंगरांची, तिथल्या नियमांची होती, ती इगतपुरीलाच राहिली. तुम्ही गेले सहा महिने ती दुसरी घरात शोधत आहात आणि ती मिळावी म्हणून दार लावून घेत आहात.

दाराच्या आत तुमचे मौन चालू असते. दाराबाहेर त्याच वेळी मुलाच्या वाट्याला अबोला येतो.

मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे फार चांगले आहे. मौन माणूस स्वतःसाठी धरतो. अबोला दुसऱ्याशी धरलेला असतो आणि तो नेहमी कोणावर तरी असतो. तुमचा हेतू मौनाचा आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाला हेतू दिसत नाही, त्याला क्रम दिसतो. मी बेरीज चुकलो, बाबा ओरडले, दार बंद झाले. या वयाची मुले घरातल्या मोठ्यांच्या मनःस्थितीचे कारण सहज स्वतःकडे घेतात. आईला बरे नसले तरी ‘माझ्यामुळे का?’ असे त्यांना वाटून जाते. मग जिथे आधी ओरडणे झालेले आहे, तिथे तर विचारायलाच नको. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरातला मुलगा माझ्यासमोर ठोकळे रचत बसला होता. त्याला मी सहज विचारले, ‘बाबा आत काय करतात रे?’ त्याने मान वर न करता सांगितले, ‘राग संपेपर्यंत बसतात. मी अजिबात आवाज केला नाही, की लवकर संपतो.’ त्याचे वडीलही प्रामाणिकपणे ध्यानच करीत होते. मुलाने मात्र त्या दाराचा आपल्यापुरता एक नियम बसवून टाकला होता, आणि घरी कोणी सांगितलेले नसतानाही तो तो काटेकोरपणे पाळत होता.

चेहऱ्यावरची आणि आवाजातली ओळख अचानक नाहीशी झाली तर लहान मुलाचे काय होते, याचा एक प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता, तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. आई काही महिन्यांच्या बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग सांगितल्याप्रमाणे काही मिनिटे चेहरा पूर्ण निर्विकार ठेवून नुसती त्याच्याकडे पाहत राहते आणि त्यानंतर पुन्हा खेळू लागते. मधल्या मिनिटांत बाळ आधी हसून पाहते, आईला बोलते करण्याची धडपड करते, आणि काहीच परत येत नाही असे दिसले की तोंड फिरवते, आक्रसून जाते. आई ओरडत नाही, मारत नाही, उठून जात नाही. ती फक्त प्रतिसाद देत नाही. हा प्रयोग बाळांवरचा आहे आणि काही मिनिटांचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा तुमच्या दुसरीतल्या मुलाला लावणे मला पटणार नाही. सात वर्षांच्या मुलाजवळ भाषा असते, शाळा असते, आई असते. परंतु त्या प्रयोगाचा तिसरा भाग, जो लोक सांगायचा विसरतात, तो मी प्रत्येक पालकाला सांगते. आई परत आली की बाळ लगेच पहिल्यासारखे होत नाही, थोडे कुरकुरते, पुन्हा तोंड फिरवते, आणि मग हळूहळू जुळते. ट्रॉनिक यांचे पुढचे बरेच काम याच जुळण्याबद्दल आहे. निरोगी नात्यातही आई आणि बाळ यांचा ताल वारंवार चुकतो, आणि तो चुकून पुन्हा जुळण्याच्या अनुभवांतूनच बाळाला भरवसा येतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

तुमच्या घरात ताल चुकतो, आणि तो कोणाच्या घरात चुकत नाही? पुन्हा जुळण्याच्या वेळी मात्र मुलगा झोपलेला असतो. म्हणजे त्याच्या दिवसाचा शेवट तुमच्या ओरडण्यावर होतो. तुमच्या दिवसाचा शेवट मात्र साधनेने होतो, आणि म्हणून तो प्रसंग तुमच्या मनात मिटलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही प्रसन्न उठता, तो बिचकत उठतो, आणि याला आता काय झाले, असे तुम्हाला वाटते.

आता आईंच्या म्हणण्याबद्दल. ‘तू काही बिघडलास का?’ हा प्रश्न मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर द्यायचे मी सोडून दिले होते. तुमच्या बाबतीत ते तुमच्याच पत्रात आहे. वडिलांच्या अबोल्याचे ते चार दिवस तुम्हाला तीस वर्षांनंतरही आठवतात, आणि अनोळखी माणसाला लिहिलेल्या पत्रातही ते आल्यावाचून राहिले नाहीत. तरी आईंशी वाद घालू नका. त्या तुमच्या वडिलांची बाजू घेत नाहीत, तुम्हाला दिलासा देत आहेत. शिवाय एक फरक त्यांच्या लक्षात येण्यासारखा नाही. जुन्या घरांतला अबोला माणसांनी भरलेल्या घरात पाळला जाई. वडील बोलत नसले तरी आजी जवळ घेई, काकू ताटात वाढताना दोन शब्द बोले, आणि खुद्द अबोला धरणाऱ्याचा निरोपही कोणाच्या तरी तोंडून पोहोचे, ‘त्याला म्हणावं, जेवून घे.’ तुमच्या घरी तिघे राहता आणि खोल्या दोन आहेत, असे मी धरून चालते. त्यातली एक बंद झाली म्हणजे मुलाचे अर्धे घर बंद झाले. आणि उरलेल्या अर्ध्या घरात त्याची आई आहे, जी त्याला समजावू लागली तर नवऱ्याच्या विरुद्ध गेल्यासारखे होते आणि गप्प राहिली तर मुलाच्या. ‘तू लांब गेलास’ असे त्या म्हणतात, तेव्हा या कात्रीबद्दलही बोलत असाव्यात. त्यांना एकदा नीट विचारून पाहा.

उपदेश करणारी बाई स्वतः कशी वागते, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, म्हणून एक कबुली देते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना एका संध्याकाळी मी दवाखान्यातून आठला घरी आले. तिने दूध तापत ठेवले होते आणि ती खेळात रमली. पातेले करपून काळे झाले होते, गॅस चालूच होता. मी घाबरले होते, पण तोंडातून बाहेर आला तो राग. फार बोलले. त्यानंतर दीड दिवस मी तिच्याशी ‘डबा घेतलास?’, ‘दप्तर भर’ एवढेच बोलत होते, आणि मी शांत आहे अशी माझी स्वतःची समजूत होती. त्याच आठवड्यात एका शाळेत पालकांसमोर माझे भाषणही झाले होते, विषय ‘मुलांशी संवाद’. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात माझा डबा उघडला, तर पोळ्यांच्या वर वहीचा चतकोर कागद. ‘आई, तू माझ्याशी कधी बोलणार ते सांग. तोपर्यंत मी गणित करते.’ मी तो कागद अजून जपून ठेवला आहे. तिने माझ्या अबोल्याला शिक्षा मानले नव्हते, तिने त्याला रांग मानले होते. आपला नंबर येईपर्यंत शहाण्यासारखे वागत राहायचे. अशी मुले बाहेरून फार गुणी दिसतात आणि पालकांना वाटते की शांत राहण्याचा परिणाम झाला.

तेव्हा दार लावून घेण्याऐवजी काय करायचे, ते सविस्तर सांगते.

ओरडून झाल्यावर लगेच बोलायला जाऊ नका. त्या वेळी शरीर तापलेले असते, छाती धडधडत असते, आणि अशा अवस्थेत मागितलेली माफीही दुसऱ्या भांडणासारखी ऐकू येते. थोडे बाजूला जाणे योग्यच आहे. मात्र जाताना सांगून जा, आणि परत कधी येणार ते सांगा. ‘मला फार राग आलाय. मी दहा मिनिटं गॅलरीत उभा राहतो आणि परत येतो.’ या वाक्यातले सर्वांत महत्त्वाचे शब्द शेवटचे आहेत, आणि दहा मिनिटे म्हणजे दहाच मिनिटे. त्या दहा मिनिटांत तुम्ही शिबिरात शिकलेले सगळे वापरा. जबडा आवळलेला आहे, कानशिले गरम आहेत, हाताच्या मुठी आहेत, हे पाहत राहा. तुमच्या साधनेचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. मन पूर्ण निवळण्याची मात्र वाट पाहू नका. पूर्ण निवळेपर्यंत मुलगा झोपतो.

परत आलात की त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. उभे राहून, खाली वाकून बोललेले मुलाला दरडावल्यासारखे वाटते. मग थोडक्यात बोला. ‘मघाशी मी खूप मोठ्यानं ओरडलो. ते माझं चुकलं. तू हातचा विसरलास, एवढंच झालं होतं. मी दमून आलो होतो, त्यात तुझा काही दोष नाही.’ एवढे पुरे. यानंतर ‘पण’ हा शब्द येऊ देऊ नका. ‘पण तूसुद्धा लक्ष द्यायला हवं होतंस’ असे म्हटले की आधीची चारही वाक्ये पुसली जातात, आणि मुलाच्या लक्षात फक्त पाचवे राहते. त्याच्याकडून लगेच ‘ठीक आहे बाबा’ वदवून घेऊ नका, गळ्यात पडावे अशी अपेक्षाही ठेवू नका. त्याने थोडा वेळ तोंड फिरवले तर ते त्याचे हक्काचे आहे. त्या बाळांप्रमाणे तोही हळूहळू जुळेल. चॉकलेट आणू नका. स्वतः रडवेले होऊन त्याच्यावर आपली समजूत काढण्याची वेळ आणू नका. अपराधी वाटण्याच्या भरात पालक हे फार करतात, आणि मग सात वर्षांचा मुलगा अडतीस वर्षांच्या माणसाला धीर देत बसतो.

आपल्याकडच्या वडिलांना हे चार शब्द जड जातात, हे मी जाणते. आधीच्या पिढीतल्या कित्येक वडिलांनी आयुष्यभरात मुलांची एकदाही तोंडाने माफी मागितली नाही. त्यांनी ती ‘जेवायला चल’ म्हणून मागितली, परीक्षेच्या सकाळी न सांगता सायकलची हवा भरून ठेवली म्हणून मागितली. ती माफीच होती. फक्त ती वाचता येण्यासाठी मुलाला चाळिशी गाठावी लागे. आणि तोवर मुलांच्या जगात पहिल्यापासूनच याचा सोपा व्यवहार चालू असतो. शाळेच्या मैदानावर सकाळी कट्टी झालेली दोन मुले मधल्या सुट्टीत बट्टी करून एकाच डब्यातले खातात. तुमच्या मुलाला हा व्यवहार चांगला येतो. त्याला फक्त बाबांबरोबर तो करायची संधी मिळालेली नाही.

आता त्या बेरजेकडे येऊ, कारण ती मला महत्त्वाची वाटते. समजा गणित ४७ अधिक ३८ असे होते आणि त्याने ७५ लिहिले. सात आणि आठ पंधरा, हे त्याला आले. पाच खाली लिहायचे, हेही आले. चार आणि तीन सात, हेही बरोबर. फक्त मधला एक हातचा निसटला. म्हणजे चारपैकी तीन पायऱ्या तो बिनचूक चढला होता. हातचा ही वस्तूच अशी आहे, की ती कागदावर मांडेपर्यंत मनात धरून ठेवावी लागते, आणि लहान मुलाची मनात धरून ठेवण्याची जागा आधीच लहान असते. भीती वाटली की ती आणखी आकसते. शेजारी बसलेला माणूस आता ओरडणार, याकडे अर्धे लक्ष असलेल्या मुलाने हातचा विसरावा, यात नवल नाही. तुम्ही जितके मोठ्याने शिकवाल तितके हातचे जास्त निसटतील. दहा-दहा काड्यांना रबरबँड लावून दशकाचे गठ्ठे करा आणि रविवारी सकाळी, पोट भरलेले असताना, पंधरा सुट्या काड्यांतून एक गठ्ठा बांधून तो चार गठ्ठ्यांच्या शेजारी ठेवायला त्याला सांगा. हाताने उचलून ठेवलेला हातचा सहसा विसरला जात नाही. तिसरी संपत आली तरी वाचन, लेखन किंवा अंक यांत तो वर्गाच्या बराच मागे राहतो आहे असे दिसले, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. आज तुमच्या पत्रात तशी काही खूण मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची आहे, आणि इथे मी जरा कठोर बोलणार आहे. तुम्ही घरी कधी पोहोचता हे लिहिलेले नाही, पण हे प्रसंग संध्याकाळी उशिराचे आहेत हे उघड आहे. त्या वेळी तुम्ही दुपारच्या डब्यानंतर फारसे काही खाल्लेले नसते, मुलाचाही संध्याकाळचा खाऊ जिरलेला असतो, तुमचा फोन कारखान्याच्या निरोपांनी वाजत असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. सकाळच्या शाळांमुळे मुलांची झोप पुरी होत नाही, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. तुमच्या मुलाच्या शाळेने तो कसा पाळला आहे, त्यावर त्याची उठण्याची वेळ ठरेल. तो सहाला उठत असेल, तर नऊपर्यंत त्याने झोपलेले असायला हवे. म्हणजे तुम्ही बूट काढल्यापासून तो झोपेपर्यंत तुम्हा दोघांजवळ जेमतेम तास-सव्वा तास असतो. त्यात गृहपाठ, जेवण, ओरडणे आणि एक तासाची साधना हे सगळे बसवायला गेल्यावर बापलेक एकमेकांना भेटणार कधी?

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे, असे तुम्हाला शिबिरात सांगितले असेल. मग संध्याकाळचा तास तो झोपल्यानंतर ठेवा. शनिवार-रविवार वगळता गृहपाठ तुमच्याकडे नको, तो तुम्ही येण्याआधी झाला तर झाला, न झाला तर न झाला. दुसरीतल्या अपुऱ्या गृहपाठाने आजवर कोणाचे नुकसान झालेले मी पाहिले नाही. मात्र हा भार पत्नीवर ढकलू नका. त्याबदल्यात संध्याकाळचे दुसरे एखादे काम तुमच्याकडे घ्या. घरात शिरण्याआधी गाडी लावल्यावर दोन मिनिटे तिथेच बसा, फोन खिशात ठेवा, आणि घरात आल्यावर आधी काहीतरी खा. हे ऐकायला फार साधे वाटते. अध्यात्माची अपेक्षा ठेवून आलेल्या माणसाला मूठभर शेंगदाणे-गूळ सुचवावा, यात माझाही थोडा विरस होतो. पण भुकेल्या माणसाचे रागाचे प्रसंग मी इतके पाहिले आहेत, की आता संकोच वाटत नाही.

हात उगारला गेला, हे तुम्ही एका लहान वाक्यात लिहिले आहे. ते मी लहान समजत नाही. शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. जे शिक्षकाला करता येत नाही ते घरी करायची मोकळीक आपण स्वतःला द्यावी का, याचे उत्तर तुम्हाला मी द्यायला नको. हात वर जातो आहे असे जाणवले की त्या क्षणी खोलीतून बाहेर पडा आणि पत्नीला सांगा. हे पुन्हा घडले, किंवा राग घराबाहेरही आवरेनासा झाला, झोप उडाली, कामात रस उरला नाही, तर प्रत्यक्ष कोणाला तरी भेटा. पुरुषांमधले नैराश्य पुष्कळदा उदासीसारखे दिसतच नाही, ते चिडचिडीच्या रूपाने येते आणि म्हणून वर्षानुवर्षे ओळखले जात नाही. १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची विनामूल्य सेवा आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आणि साधनेला बसल्यावर अस्वस्थता वाढत असेल, जुने प्रसंग उसळून वर येत असतील, तर तेही डॉक्टरांपासून आणि शिबिरातल्या आचार्यांपासून लपवू नका.

‘आपण बदललो, असेच वाटले’ हे तुमचे वाक्य मला मोलाचे वाटते. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डॉनल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्ये ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. अशी आई सुरुवातीला बाळाच्या गरजांशी जवळजवळ पूर्ण जुळवून घेते, आणि पुढे बाळाची सहन करण्याची ताकद वाढत जाईल तसतशी ती थोडी थोडी कमी पडत जाते. हे कमी पडणे बाळाच्या वाढीला लागतेच. ही कल्पना हल्ली फार सैल वापरली जाते, ओरडण्यावरही तिचे पांघरूण घातले जाते. विनिकॉट यांच्या मनात होते ते उशिरा आलेले दूध, लगेच न उचलून घेणे, अशा प्रकारचे कमी पडणे. शेजाऱ्यांच्या टीव्हीपर्यंत पोहोचणारा आवाज त्यात बसत नाही. परंतु त्यांच्या शब्दातला ‘पुरेशी’ हा भाग तुम्ही उचलावा. शिबिराहून न रागावणारा बाप होऊन परतायचे, असे तुम्ही ठरवले होते, आणि चौथ्या दिवशी ते मोडल्यावर तुम्ही मुलावर रागावलात त्याहून जास्त स्वतःवर रागावलात. दार लावून घेण्यात त्या लाजेचा वाटा बराच असावा. मोडलेल्या संकल्पाकडे पाहवत नाही, आणि मुलाचा चेहरा नेमका तोच दाखवतो.

म्हणून एक वेगळी नोंद ठेवून पाहा. एका लहान वहीत किती वेळा ओरडलो हे लिहू नका. ओरडल्यापासून मुलाजवळ जाऊन बसेपर्यंत किती मिनिटे गेली, एवढेच लिहा. सुरुवातीला तिथे ‘दुसऱ्या दिवशी’ असे लिहावे लागेल. मग दोन तास, मग चाळीस मिनिटे. ही वही भरत गेली की बहुतेक पालकांचे ओरडणेही कमी होते, असे मी पाहत आले आहे. कारण अर्ध्या तासाने जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणायचे आहे, हे माहीत असलेला माणूस आधीच जरा जपून बोलतो.

राहिला पुन्हा शिबिराला जाण्याचा प्रश्न. जावेसे वाटत असेल तर जरूर जा, मात्र या अर्ध्या तासाची सवय दोन-तीन महिने बसल्यानंतर, आणि पत्नीची खरोखर संमती असेल तर. गेल्या खेपेला मुलाला काय सांगून गेला होतात, हे पत्रात नाही. पुष्कळ घरांत ‘बाबा कामाला गेलेत’ असे सांगतात आणि मग बाबा इतके दिवस फोनवरही येत नाहीत. या वेळी त्याला खरे सांगा, की तिथे गप्प बसायला शिकवतात, तिथे फोन चालत नाही, आणि हे गप्प बसणे त्याच्यावर रागावून नाही. जाण्याच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तुम्ही जाल तो दिवस, मधले दहा दिवस आणि परतण्याची सकाळ, अशा बारा चौकटी त्याच्या हातूनच रंगवून घ्या. रोज रात्री तो त्यातली एक खोडेल. शेवटच्या चौकटीत तुम्ही घरी किती वाजता पोहोचाल ते लिहून ठेवा, आणि त्या दिवशी वाटेत कुठेही थांबू नका.